डॉसच्या काळ्या पडद्यावरून मजकूर उचलायचा कसा?

सांगलीचा_सदू (रविवार, रात्री ९.४०)

काकांची मार्केट यार्डात अडत आहे, हळद आणि गूळ. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, उधारीची खतावणी, सगळं एका जुन्या डॉस प्रोग्रॅमवर चालतं. (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, नुसत्या कमांडी टाइप करून चालणारी सिस्टिम.) मशीन विंडोज ९८ चं. ज्यांनी प्रोग्रॅम लिहून दिला ते गृहस्थ आता हयात नाहीत.

उधारीची यादी पडद्यावर दिसते, ती मला एक्सेलमध्ये हवी आहे. सध्या पडद्याचे फोटो काढतो आणि घरी येऊन टाइप करतो. कंट्रोल-सी दाबलं की यादीचं पुढचं पान येतं. कंट्रोल-व्ही दाबलं की वरच्या ओळीत उजवीकडे 'इन्सर्ट' असं उमटतं. माउस तर ओळखतच नाही. काकांचं एकच पालुपद, "चालतंय ते चालू दे, नस्ती उठाठेव नको."

डॉसमध्ये कॉपी-पेस्ट असतं का? का नव्हतंच कधी?

टर्बोतात्या (९.५८)

सदू, तू दिलेल्या दोन खुणांवरून प्रोग्रॅमचं गोत्र कळलं. क्लिपर किंवा डीबेस, म्हणजे डॉसवर हिशेब-याद्यांचे प्रोग्रॅम लिहायची साधनं. त्या घराण्यात कंट्रोल-सी म्हणजे पुढचं पान, कंट्रोल-आर म्हणजे मागचं पान आणि कंट्रोल-व्ही म्हणजे इन्सर्ट चालू-बंद. हे वळण वर्डस्टार या जुन्या, पत्रं-मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचं. १९७८ साली वर्डस्टार आलं तेव्हा कित्येक कीबोर्डांवर बाणांच्या कळाच नसायच्या. म्हणून डाव्या हाताखालची ई, एस, डी, एक्स ही अक्षरं कंट्रोलबरोबर बाणांसारखी वापरली आणि शेजारच्या अक्षरांना पान सरकवणं, शब्द ओलांडणं अशी कामं वाटून दिली.

नुसत्या डॉस प्रॉम्प्टवर (जिथे कमांडी टाइप करतात तिथे) तेच कंट्रोल-सी चालू काम तोडतं. म्हणजे तू ज्या सी-व्हीच्या सवयीनं बोटं चालवतोयस ती सवय ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉशवरून, १९८३-८४ नंतर पसरली. काकांचा प्रोग्रॅम दुसऱ्या वंशातला आहे.

फ्लॉपीबहाद्दर (१०.०५)

इतिहास राहू दे तात्या, पोराचं काम करून द्या.

सदूभाऊ, विंडोज ९८ आहे ना? प्रोग्रॅम चालू असताना ऑल्ट-एंटर दाबा. पूर्ण पडदा जाऊन खिडकी दिसेल. खिडकीच्या वर छोटी बटणांची पट्टी असते. तिच्यात तुटक रेषांचा चौकोन आहे तो 'मार्क'. तो दाबून माउसनं हवा तो भाग रंगवा आणि एंटर मारा. झालं कॉपी. नोटपॅड उघडून पेस्ट करा. पट्टी दिसत नसेल तर खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा, 'एडिट'मध्ये तेच सगळं आहे.

हेच विंडोज ३.१ मध्येही व्हायचं, फक्त ३८६ एनहान्स्ड मोडमध्ये असायला लागायचं.

सांगलीचा_सदू (सोमवार, दुपारी २.१५)

बहाद्दर, जमलं! काका बाजूला चहा पीत बघत होते, काही बोलले नाहीत, म्हणजे मान्य आहे असं धरतो.

पण दोन अडचणी. एक, जेवढं पडद्यावर तेवढंच येतं, पुढच्या पानासाठी पुन्हा तोच खटाटोप. दोन, थकबाकीचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर आहे, तो बाण दाबून बघावा लागतो. तेव्हा नावं एकीकडे, रक्कम दुसरीकडे अशी यादी झाली.

शिवाय गंमत म्हणून उलटं करून पाहिलं. नोटपॅडमधली दहा-बारा नावं कॉपी करून प्रोग्रॅममध्ये चाचणीच्या खात्यात पेस्ट केली. मधली अक्षरं गळाली. 'पाटील'चं 'पाल' झालं. असं का?

टर्बोतात्या (सोमवार, रात्री ८.३०)

आता इतिहास लागेल. बहाद्दर, राग मानू नकोस.

डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतो. तो संपला की त्याची मेमरी दुसऱ्याला मोकळी. क्लिपबोर्ड म्हणजे दोन प्रोग्रॅमांच्या मध्ये माल धरून उभा राहणारा कुणीतरी, आणि डॉसमध्ये मध्ये उभं राहायला कुणीच नाही. डॉस ५ बरोबर १९९१ साली 'एडिट' आला, त्यात कट-कॉपी-पेस्ट होतं. शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-इन्सर्ट. पण ते त्या एडिटरच्या पोटातलं. एडिट बंद, क्लिपबोर्ड साफ.

मग विंडोजनं खिडकीत डॉस चालवताना काय केलं? डॉसचा अक्षरी पडदा मेमरीत ठरावीक जागी असतो. रंगीत पडद्यासाठी सेगमेंट बी८००. एका ओळीत ८० अक्षरं, अशा २५ ओळी, प्रत्येक जागेला दोन बाइट: एक अक्षर, एक रंग. सगळा पडदा ४००० बाइटांचा. तू मार्क करतोस तेव्हा विंडोज तिथली अक्षरं वाचून घेतं. काकांच्या प्रोग्रॅमला याची वार्ताही नसते. म्हणून पडद्याबाहेरचा रकाना येत नाही: तो त्या ४००० बाइटांत नाहीच.

आणि पेस्ट. पेस्ट म्हणजे निव्वळ खोटं टायपिंग. विंडोज तुझा मजकूर एकेक कळ दाबल्यासारखा प्रोग्रॅमला भरवतं. प्रोग्रॅमला वाटतं, कुणीतरी विजेच्या वेगानं टाइप करतोय. खऱ्या पीसीवर बायोसच्या (पीसीत मुळातच बसवलेल्या प्रोग्रॅमच्या) कीबोर्ड बफरमध्ये, म्हणजे दाबलेल्या कळांच्या रांगेत, फक्त १५ कळा मावतात. सोळावी आली की स्पीकर 'टीप' करतो आणि ती कळ वाया जाते. विंडोज याहून जरा शहाणपणानं भरवतं, तरी काही प्रोग्रॅमांना तो वेग झेपत नाही. उपाय: प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'मिस्क' टॅब, 'फास्ट पेस्टिंग'ची खूण काढ. हळू भरवेल, पण 'पाटील' शाबूत राहील.

रेवदंड्याचा_राजा (रात्री ९.१०)

तात्या, बाकी ठीक, पण 'मध्ये उभं राहायला कुणीच नाही' हे जरा जास्त झालं. टीएसआर विसरलात?

बोरलँडचं साइडकिक, १९८४. टीएसआर म्हणजे संपल्यासारखा दाखवून मेमरीत ठाण मांडून बसणारा प्रोग्रॅम. लोटस १-२-३ (त्या काळचं एक्सेल) चालू असताना दोन कळा एकदम दाबल्या की वर नोटपॅड, कॅलक्युलेटर, कॅलेंडर. त्यातल्या नोटपॅडमध्ये खालच्या पडद्यावरचा मजकूर उचलून घेता यायचा आणि पुढे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकता यायचा. तुमचंच खोटं टायपिंग, पण विंडोज घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी. डॉसवर अनेक प्रोग्रॅम एकदम चालवणाऱ्या क्वार्टरडेकच्या डेस्कव्ह्यूमध्ये तर मेनूत सरळ 'मार्क' आणि 'ट्रान्स्फर' होतं.

आणि प्रॉम्प्टवरची एफ३ कळ? मागची अख्खी कमांड परत आणते. एफ१ एकेक अक्षर, एफ२ नंतर एखादं अक्षर दाबलं की तिथपर्यंतची ओळ. डॉस ५ मध्ये डॉसकी आलं, मग बाणानं मागच्या सगळ्या कमांडी.

टर्बोतात्या (रात्री ९.२५)

साइडकिक मान्य, राजे. पण तो डॉसचा नव्हे, बाहेरून आणून बसवलेला भाडेकरू. त्याच्याबरोबर माउसचा ड्रायव्हर, कॅश आणि आणखी दोन टीएसआर बसवले की ६४० केबी मेमरीत फॉक्सप्रोला (डीबेसच्याच जातीचा प्रोग्रॅम) पाय पसरायला जागा उरायची नाही. ऑफिसात आम्ही तो काढूनच टाकला होता.

आमचा क्लिपबोर्ड म्हणजे फाइल. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के-बी नं सुरुवात, कंट्रोल-के-के नं शेवट, कंट्रोल-के-डब्ल्यू नं तो तुकडा फाइलमध्ये लिहायचा. दुसरं पत्र उघडायचं, कंट्रोल-के-आर, फाइलचं नाव, तुकडा हजर. फाइलींची यादी पडद्याऐवजी फाइलमध्ये हवी असेल तर 'डिर > यादी'. आणखी जोडायची असेल तर दोन बाण. १९८३ च्या डॉस २.० पासून हे आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळावं म्हणून दोन प्रोग्रॅम उभ्या रेघेनं जोडलेस तरी डॉस गुपचूप एक तात्पुरती फाइलच बनवतो: पहिला प्रोग्रॅम पूर्ण संपतो, मग दुसरा ती वाचतो.

मंजिरी_व (रात्री १०.००)

एक वेगळाच नमुना सांगते. १९८४ साली केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, शाळांमधून संगणक शिकवण्याचा. त्यात एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले होते. आमच्या शाळेत त्यांची खोली चपला बाहेर काढूनच उघडायची.

त्या कीबोर्डवर चक्क 'कॉपी' नावाची कळ होती. तुम्ही ओळ टाइप करत असताना बाण दाबला की कर्सरचे दोन कर्सर व्हायचे. एक जिथे लिहिताय तिथे थांबायचा, दुसरा पडद्यावर वर-खाली फिरवता यायचा. तो जुन्या ओळीवर नेऊन कॉपी कळ दाबून धरली की एकेक अक्षर तिथून उचलून तुमच्या ओळीत उमटायचं. बेसिक प्रोग्रॅमची ओळ दुरुस्त करायची रीतच ती: लिस्ट घ्या, चुकलेल्या ओळीवर जा, बरोबर भाग कॉपी करा, चूक तेवढी हातानं टाइप करा, उरलेला भाग पुन्हा कॉपी करा.

बऱ्याच मोडमध्ये पडद्यावर अक्षर नसायचंच, नुसते ठिपके. मग यंत्र त्या जागेचे ठिपके आपल्या फाँटमधल्या प्रत्येक अक्षराशी ताडून 'हा ए आहे' असं ठरवायचं. शाळेत असताना मला यात काही विशेष वाटलं नाही. पुढे डॉस हातात आल्यावर मी तिथे ती कळ शोधत बसायचे.

रेवदंड्याचा_राजा (रात्री १०.१२)

मंजिरीताई, हे माहीतच नव्हतं. म्हणजे पडदा हाच क्लिपबोर्ड! कमोडोर ६४ वरही असलंच काहीसं होतं. कर्सर पडद्यावरच्या जुन्या ओळीवर न्यायचा, हवं ते बदलून रिटर्न दाबायचं, ती ओळ नव्यानं टाइप केल्यासारखी आत जायची. दोन्ही घरगुती यंत्रं, आणि धंद्याच्या पीसीला मात्र एफ३ वर बोळवण.

पदवी_लटकली (रात्री ११.४०)

थोडं अवांतर, पण याच जातीचं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात २०१० नंतरसुद्धा टर्बो सी++ ३.० च होतं, सी++ चा कोड लिहायचं डॉसचं साधन. ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालत नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर डॉसचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. निळा पडदा, प्रॅक्टिकलची परीक्षा, आणि नोटपॅडमधला कोड आत जाईना. साध्या डॉसबॉक्सला पेस्ट माहीत नाही. पुढे डॉसबॉक्स-एक्स मिळालं, त्यात पेस्ट होतं. पण कोड असा उमटला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे. शेवटच्या ओळी पडद्याबाहेर. सरांनी विचारलं, हा जिना कुणी बांधला?

तात्यांचं 'खोटं टायपिंग' वाचून आत्ता उलगडा झाला. ऑटो-इंडेंट ना?

टर्बोतात्या (मंगळवार, सकाळी ७.०५)

बरोबर ओळखलंस. एंटर आला की टर्बोचा एडिटर आधीच्या ओळीइतकी जागा आपणहून सोडतो. तुझ्या कोडमध्ये जागा आधीच होती, ती त्यात मिळते, आणि ओळीगणिक वाढत जाते. कंट्रोल-ओ, मग आय दाबलं की ऑटो-इंडेंट बंद. पेस्ट झाल्यावर पुन्हा चालू.

त्याहून सोपं म्हणजे पेस्टच्या भानगडीत पडू नये. डॉसबॉक्सला जो फोल्डर माउंट करून दिलाय त्यातच नोटपॅडनं फाइल सेव्ह करायची, डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ४ दाबून यादी ताजी करायची, टर्बोत एफ३ नं उघडायची. पुन्हा फाइलच.

टक्स_टोळ (सकाळी ९.२०)

लिनक्सवाल्यांनाही बोलू द्या. एक्स विंडोज (लिनक्सवरची खिडक्यांची व्यवस्था) नसलेल्या निव्वळ कन्सोलवर जीपीएम नावाची सेवा चालू केली की माउस मिळतो. डाव्या बटणानं रंगवलं की लगेच कॉपी, मधल्या बटणानं पेस्ट. मॅकवर पीबीकॉपी आणि पीबीपेस्ट आहेत, कमांडचं उत्तर उभ्या रेघेनं थेट क्लिपबोर्डात. विंडोजमध्ये व्हिस्टापासून 'क्लिप' आहे, 'डिर | क्लिप' करून बघा. आणि विंडोज १० च्या कन्सोलला तर शेवटी, २०१५ साली, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही कळायला लागलं.

टर्मिनलमध्ये पेस्ट अजूनही खोटं टायपिंगच आहे, हे तात्यांचं शंभर टक्के खरं. वेबपेजवरून कमांड उचलून पेस्ट केली आणि तिच्या शेवटी एंटर चिकटून आला तर वाचायच्या आत ती चालून मोकळी. हल्ली टर्मिनल पेस्टच्या आधी-नंतर विशेष खुणा पाठवतं, म्हणजे शेलला (कमांडी घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) कळतं की हे माणसानं टाइप केलेलं नाही, थांबायला हवं. जुन्या सर्व्हरवर ही सोय आहे असं गृहीत धरू नका.

खडकी_बाइट (दुपारी १२.३०)

सदू, यादीतली नावं इंग्रजी अक्षरांत आहेत का मराठीत? विचारायचं कारण, त्या काळात मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असायचं. मराठी असेल तर मार्क-कॉपीच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

तो मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या अक्षर-क्रमांकांच्या संचात असतो. इंग्रजी अक्षरं जिथल्या तिथे, देवनागरी वरच्या १२८ क्रमांकांत. जिस्ट कार्ड नसलेल्या मशीनवर त्याच क्रमांकांना अमेरिकन डॉसची चौकटीच्या रेघा आणि ग्रीक अक्षरं दिसतात. इथवर नुसतं दिसण्याचं दुखणं आहे, बाइट शाबूत आहेत. पण डॉसच्या खिडकीतून कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं की विंडोज मदत म्हणून डॉसच्या संचातून आपल्या संचात रूपांतर करतं. विंडोजच्या संचात त्या चौकटीच्या रेघा नाहीत. मग पाच-सहा वेगवेगळ्या रेघांना मिळून एकच अधिकचिन्ह. एकदा असं झालं की कुठलं 'क' होतं आणि कुठलं 'त', ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्याकडच्या एका संस्थेची सभासदांची अख्खी यादी अशी मातीमोल झालेली पाहिली आहे.

मराठी असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी उचला आणि मग रूपांतर करा. विंडोजमध्ये इस्की देवनागरीला कोडपेज (अक्षरसंचाचा क्रमांक) ५७००२ आहे, आयसीयूच्या यूकॉन्व्ह या रूपांतराच्या प्रोग्रॅमलाही इस्की समजतं. युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला असल्यामुळे रूपांतर बहुतेक सरळ होतं.

सांगलीचा_सदू (दुपारी ३.००)

नावं इंग्रजी स्पेलिंगमध्येच आहेत, त्यामुळे वाचलो. पण हे सगळं वाचून वाटायला लागलंय की मी चुकीच्या दारावर धडका मारतोय.

फ्लॉपीबहाद्दर (दुपारी ३.२०)

बरोबर दारं दोन आहेत.

पहिलं, प्रोग्रॅमला यादीची प्रिंट काढायला सांगा, पण कागदाऐवजी फाइलमध्ये. पीआरएन२फाइल नावाचा जुना छोटा टीएसआर आहे, प्रिंटरकडे जाणारा मजकूर फाइलमध्ये वळवतो. आधी मशीन डॉस मोडमध्ये सुरू करा, मग तो चढवा आणि मग प्रोग्रॅम. फायदा असा की प्रिंट बहुधा बारीक अक्षरात, एका ओळीत १३२ अक्षरांची असते, म्हणजे थकबाकीचा रकाना नावाच्या ओळीतच मिळेल. फाइलमध्ये मधूनच सूर्यासारखं किंवा वर-खाली बाणासारखं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, ते डॉट मॅट्रिक्सला 'बारीक कर', 'पूर्ववत कर' सांगणारे १५ आणि १८ क्रमांकाचे संकेत आहेत. उडवून टाका.

टीएसआर मिळाला नाही तर 'मोड एलपीटी१:=कॉम१:' करा, म्हणजे प्रिंटरचा मजकूर सिरियल पोर्टाकडे वळेल, आणि सिरियल केबलनं दुसऱ्या मशीनवर टर्मिनल प्रोग्रॅममध्ये पकडा. वेळखाऊ आहे, पण होतं.

दुसरं दार तात्या सांगतील, त्यांचं खातं आहे ते.

टर्बोतात्या (दुपारी ४.००)

प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये डीबीएफ शेपटीच्या फाइली असतील. काकांची सगळी खतावणी त्यात आहे. त्या उघड्या-बोडक्या असतात: आधी रकान्यांची नावं, मग ओळी. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस सरळ उघडतं. प्रोग्रॅम बंद करून त्या फ्लॉपीवर घे आणि फक्त प्रतीवर काम कर. मूळ फाइल जुन्या एक्सेलनं उघडून सेव्ह केलीस तर रकान्यांची रुंदी बदलून प्रोग्रॅम बंद पडेल, आणि काकांचं 'नस्ती उठाठेव' खरं ठरेल.

सांगलीचा_सदू (बुधवार, रात्री ९.१५)

फाइली मिळाल्या! नाव, गाव, थकबाकी, सगळं ओळीत. एका मोफत डीबीएफ बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. पण बेरीज काकांच्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त येते. पाच-सहा नावं अशी आहेत जी काकांच्या यादीत दिसतच नाहीत.

टर्बोतात्या (रात्री ९.३०)

ती खोडलेली खाती. डीबीएफमध्ये ओळ खोडली तरी ती जात नाही, तिच्या सुरुवातीच्या एका बाइटमध्ये फुली म्हणून तारा पडतो. 'पॅक' कमांड दिली तरच खरोखर जाते. काकांचा प्रोग्रॅम तारा बघून ओळ लपवतो, तुझा बघायचा प्रोग्रॅम लपवत नाही. त्यात 'डिलिटेड' असा रकाना किंवा खूण दाखवायची सोय असेल, तेवढ्या ओळी गाळ. मूळ फाइलवर पॅक करू नकोस.

सांगलीचा_सदू (रात्री १०.०५)

गाळल्या. बेरीज पैशापैशाला जुळली.

फक्त त्या खोडलेल्या नावांतलं एक वाचून काका खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, याचं खातं मी कधी मिटवलं नाही. आता ते जुन्या वह्या काढून बसलेत. ओळ कधी खोडली गेली हे त्या फाइलवरून कळतं का तात्या?

टर्बोतात्या (रात्री १०.२०)

नाही रे. ताऱ्यावर तारीख नसते. फाइलच्या सुरुवातीला शेवटच्या बदलाची तारीख असते, पण ती अख्ख्या फाइलची. जुन्या बॅकअप फ्लॉप्या असतील तर त्या एकेक उघडून बघ, कुठल्या फ्लॉपीपर्यंत ते नाव ताऱ्याशिवाय आहे. आणि फ्लॉपी घालायच्या आधी तिची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघड, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.